आगळ, अडकित्ता आणि शिक्का: विमानतळावर तुमचं काय काय अडकलं?

मे महिन्यात मुलीकडे हैदराबादला निघाले होते. हातातल्या पिशवीत कोकम आगळाची अर्ध्या लिटरची बाटली. मशीनपलीकडच्या जवानाने ती उजेडात धरली, रंग बघितला आणि म्हणाला, "पीके दिखाइए." नुसतं आगळ, पाण्याशिवाय! एक घोट घेतला आणि माझं तोंड जे वाकडं झालं ते बघून त्याची खात्री पटली. दारू पिऊन कोणी असं तोंड करत नाही. बाटली परत मिळाली, पण ते नशीब. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जवानाने तीच बाटली ठेवून घेतली असती.

आपण कोकणातली माणसं पिशवीत निम्मं स्वयंपाकघर भरून निघतो. चिपी, मोपा, दाबोळी नाहीतर रात्रभर रेल्वेने मुंबई गाठून, तुम्ही कुठूनही उडा. काय अडकलं, बोर्डिंग पासाने कोणाला घोळात घेतलं, ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

कुडाळ

आमची आजी पंच्याऐंशीची, पहिलाच विमानप्रवास. चंची कनवटीला आणि चंचीत अडकित्ता. मशीनवरच्या मुलाला पडद्यावर नुसती दोन पाती दिसली असणार. "ये क्या है, अम्मा?" आजी म्हणाली, "सुपारी फोडूचो अडकित्तो. तुझ्या आजयेकडे नाय?" तो मुलगा बहुतेक ओडिशाकडचा. हसला, पण नियम तो नियम. धार असलेलं काही हातातल्या सामानात चालत नाही. आजी अडून बसली. अडकित्ता तिच्या सासूचा, पितळेचा, मोरांच्या मुठीचा. शेवटी मी तो घेऊन उलटी काउंटरवर धावले. बॅगा केव्हाच गेल्या होत्या. तिथल्या मुलीने एक रिकामं खोकं शोधलं, अडकित्ता त्यात ठेवून टेप मारली, टॅग लावला आणि सामानात पाठवून दिला. बंगळुरूला उतरल्यावर पट्ट्यावरून मोठमोठ्या सुटकेसांच्या मधून ते एवढंसं खोकं एकटंच फिरत आलं. आजीने तिथेच उघडून बघितलं आणि पान लावायला बसली.

मालवण

माझा नारळ गेला. आंगणेवाडीची जत्रा करून दुसऱ्या दिवशी परत निघाले होते, भराडीच्या ओटीतला नारळ पर्समध्ये. जवान म्हणाला, नारळ नहीं चलेगा. मी म्हटलं, प्रसाद आहे. त्याने कानाला हात लावून देवीची माफी मागितली, पण सोडला नाही. समोर मोठा डबा, त्यात लायटर, कात्र्या, पाण्याच्या बाटल्या. देवीचा नारळ त्यात टाकायचा? हात होईना. बाजूला झाडू मारणारी मावशी सगळं ऐकत होती. म्हणाली, "माका दी बाय. रातचो घराकडे फोडून वाटतंय." तिनेच मग त्या जवानाला काय ते समजावलं. मला अजून वाटतं, नारळ जायचा तिथेच गेला.

राजापूर, नोकरी मुंबईत कार्गोमध्ये

नारळाचं थोडं सांगतो, कारण दर गणपतीला हा वाद ऐकतो. अख्खा नारळ केबिनमध्ये नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याचं प्रकरण वेगळं, तिथे भीती आगीची आहे. खोबऱ्यात तेल भरपूर. ढिगाने भरलं की आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६३, वर्ग ४.२. ज्या वाटीने आपण कालवणाला वाटण लावतो ती वाटी आमच्या वहीत ज्वालाग्राही! ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलेच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची सवलत दिली होती, तीसुद्धा २० जानेवारी २०२५ पर्यंतच. आंगणेवाडीसाठी तशी काही मिळालेली नाही. आणि पूजेच्या सामानातला कापूर आणि काडेपेटी कृपा करून घरीच ठेवा, पोचाल तिथे विकत मिळते.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं: ती हातातच हवी. काउंटरवर दिलेल्या बॅगेत गेली तर तुमचं नाव पुकारतील.

वेंगुर्ला

माझी चूक शंभर टक्के माझीच, त्यामुळे सांगायला लाज नाही. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, आणि आमच्याकडून ते दाबोळीच्या मानाने अगदीच अंगणात. गाडी मोपाला पार्क करून पुण्याला गेलो. येताना बोर्डिंग पासावर गोवा लिहिलेलं बघितलं आणि निवांत झोपलो. उतरलो तर बाहेर सगळं ओळखीचं, जुनं. दाबोळी! जाताना पासावर होतं जीओएक्स, येताना जीओआय. एका अक्षराचा फरक. बुक करताना स्वस्त दिसलं ते घेतलं होतं. गाडी पेडण्यात आणि मी वास्कोजवळ. बायको टॅक्सीत संपूर्ण गोवा ओलांडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. पार्किंगची पावती बघून बोलली.

पेडणे

वेंगुर्लेकर, तुम्ही पहिले नव्हेत. आमच्या गावातल्या टॅक्सीवाल्यांचा तो निम्मा धंदा आहे.

रत्नागिरी, जहाजावर

बावीस वर्षं बोटीवर आहे. जॉइनिंगला जाताना तिकीट एकाच बाजूचं असतं, त्यामुळे आधीच संशय. एकदा अमेरिकेतून बोटीवरून उतरून घरी येताना ऑनलाइन चेक-इन होईचना. काउंटरवर पास मिळाला, त्याच्या कोपऱ्यात एसएसएसएस. मला वाटलं सीमनचा एस असेल! गेटजवळ बाजूला घेतलं, बॅग पूर्ण उपसली, हातांना कापडाची पट्टी फिरवून मशीनमध्ये घातली. मग कळलं, ती चार अक्षरं म्हणजे जादा तपासणीसाठी निवड. त्यात पायात सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी. दारातून गेलो की टीं. शूज काढले, तरी टीं. कमरेला चांदीचा करगोटा! तो इंग्रजीत काय म्हणून सांगायचा हे मला आजही सुचलेलं नाही. शर्ट वर करून दाखवला. आता प्रवासाला निघताना करगोटा आईच्या डब्यात. ती कुरकुरते, पण नाइलाज.

दापोली

नवरा शारजाला. मी पहिल्यांदा जाणार म्हणून अम्मीने मसाल्याचं सगळं सामान सुटं बांधून दिलं: धने, बडीशेप, दगडफूल आणि पाव किलो खसखस. आदल्या रात्री दीर आले, त्यांनी गाठोडं उघडलं आणि खसखशीची पुडी बघून मटकन खाली बसले. यूएईत खसखस अमली पदार्थांत धरतात, पकडलं तर तुरुंग. आपल्याकडे जी अनारशाला लावतात ती! पुडी गेली शेजारणीकडे, आणि तयार मसाल्यातही घातलेली असते म्हणून तोही मी घरीच ठेवला.

त्याआधी नावाचा घोळ झालाच होता. माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, नुसतं एक नाव. नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर तिकडे व्हिजिट व्हिसाने जाता येत नाही. पासपोर्ट दुरुस्त होईपर्यंत तिकीट वाया गेलं. आमच्या भागात एकेरी नावाच्या बायका खूप आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

राजापूर, पुन्हा एकदा

नावावरून: बोर्डिंग पासावरच्या बारकोडात नावाला फक्त वीस जागा असतात, आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव, आणि त्यालाच चिकटून मिस्टर किंवा मिसेस. आपलं नाव, वडिलांचं नाव आणि लांबलचक आडनाव त्यात मावत नाही, शेपटी कापली जाते. घाबरू नका. तारीख तर त्यात महिन्याने नसतेच, वर्षातला कितवा दिवस ते असतं. ५ फेब्रुवारी म्हणजे ०३६. आणि पासाचे फोटो स्टेटसला टाकू नका. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी टाकलेल्या फोटोवरून एकाने त्यांचा पासपोर्ट नंबर शोधून काढला होता.

सावंतवाडी

आमच्या चिरंजीवांच्या दप्तरात दिवाळीची टिकल्यांची पिस्तूल. बाकी कल्पना करा.

परुळे

चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा आम्ही सड्यावर नुसते बघायला गेलो होतो. तिथेच आम्ही गुरं चारायचो. पुढच्या महिन्यात मुंबईला जायचं ठरलं, तर मी निवृत्त मास्तर, सवयीने दरवाजा उघडायच्याही आधी हजर. पासावर एक छोटा आकडा असतो, चेक-इनचा क्रम. माझा ००१. छत्तीस वर्षं हजेरी घेतली, पहिला नंबर प्रथमच माझा आला. तो पास फ्रेम करून लावलाय. सून हसते.

देवगड

मास्तर, फ्रेम केलात ते ठीक, पण आधी झेरॉक्स काढून ठेवा. आईला २०१६ मध्ये मुंबईहून दिल्लीला नेली होती. तेव्हा तपासणी झाली की पासावर शिक्का, हातातल्या पर्सच्या टॅगवरही शिक्का. टॅगवरचा राहिला म्हणून गेटवरून परत पाठवलं आणि आई नऊवारीत धावली. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१७ पासून, मुंबईसकट सात विमानतळांवर टॅगचा शिक्का बंद झाला. तिने पास आणि टॅग दोन्ही पोथीत ठेवले होते. ती गेल्यावर पोथी उघडली. पासाचा कागद उष्णतेने छापायचा, त्यामुळे नाव, सीट, तारीख, सगळं उडून गेलेलं. पांढरा कोरा कागद, आणि मधोमध तिरका मारलेला शिक्का, निळा, जसाच्या तसा.