मदत हवी आहे: कासेलच्या पोस्टमन पणजोबांची लग्नाआधीची ३३ वर्षं कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. माझा नवरा जर्मन, घराणं मूळचं कासेलचं. सासऱ्यांचे आजोबा पोस्टमन होते, यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नाही. २२ ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात घर जळालं, कागद-फोटो सगळं गेलं. सासऱ्यांचं वय झालंय, त्यांच्या हयातीत काही हाती लागलं तर बरं.

मिळालंय ते असं. जन्म १८६८ चा, कासेलजवळच्या खेड्यातला. प्रशियात सरकारी नोंदणी ऑक्टोबर १८७४ ला सुरू झाली, म्हणून त्याआधीचं चर्चच्या वहीत शोधावं लागलं. लग्न १९०१ मध्ये. लग्नाच्या नोंदी ८० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी अभिलेखागारात जातात, मग कुणालाही बघता येतात. हेसन राज्यातल्या बऱ्याचशा ऑनलाइन, त्याही फुकट! अक्षर मात्र जुनं कुरेंट. मोडी वाचणाऱ्यांना कल्पना येईल. 'ई' कुठला नि 'एन' कुठला, डोळे फुटायची वेळ येते. नवऱ्यालाही वाचता येत नाही. लग्नाच्या नोंदीत त्यांचा व्यवसाय 'लांडब्रीफट्रेगर', म्हणजे खेडोपाडी टपाल वाटणारा. एका साक्षीदाराचा हुद्दा कसाबसा लागला: सार्जंट. पुढे शहराच्या जुन्या पत्तापुस्तकांत ते दरवर्षी सापडतात, कितव्या मजल्यावर राहायचे तेसुद्धा. १९३८ च्या मृत्यूनोंदीत 'निवृत्त ओबरपोस्टशाफ्नर', म्हणजे टपालखात्यातला वरचा हुद्दा.

पण बाप्तिस्मा ते लग्न, मधली ३३ वर्षं कोरी. टपालखात्याची सेवापुस्तकं कुठे असतात? कुणी असा अर्ज केलाय का?

प्रतिसाद:
तो सार्जंट सोडू नका! साक्षीदार सैन्यातला, म्हणजे तुमचे पणजोबाही बहुधा सैन्यात असावेत. सैन्यात १२ वर्षं काढलेल्यांना तेव्हा सरकारी नोकरीचा हक्काचा दाखला मिळायचा आणि त्यातले पुष्कळ जण टपाल, रेल्वे नाहीतर पोलिसांत लागायचे. विसाव्या वर्षी भरती धरली तर १८८८ ते १९००, आणि लगेच १९०१ ला लग्न. हिशोब चपखल बसतो. अर्थात हा अंदाजच. कासेलला ८३ वी इन्फंट्री रेजिमेंट असायची, पण तिकडे फार वेळ घालवू नका. प्रशियन सैन्याची बहुतेक दप्तरं एप्रिल १९४५ च्या हल्ल्यात पॉट्सडामला जळाली.

टपालखात्याच्या बाजूने जा. कासेलला 'ओबरपोस्टडिरेक्त्सिओन', म्हणजे टपालखात्याचं विभागीय मुख्यालय होतं, त्याच्या दप्तराबद्दल मारबुर्गच्या राज्य अभिलेखागारात विचारा. साध्या पोस्टमनच्या फायली सरसकट जपलेल्या नसतात, त्यामुळे तेवढ्यावरच विसंबू नका. लग्नाच्या नोंदीची 'झामेलआक्टे' कुठे मिळेल, तेही त्याच मेलमध्ये विचारा. लग्नाच्या वेळी जोडलेले दाखले त्यात असतात. सैन्यातून सुटल्याचा कागद निघाला तर तुमचं काम झालंच.

धागाकर्ती:
बापरे, साक्षीदाराकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. लग्नाचा नोंद क्रमांक आहे माझ्याकडे, आजच मेल टाकते. या झामेलआक्टेसाठी फी किती लागते, ते कुणी सांगेल का?