शब्दचर्चा: वेल्श ‘मंत्री’, पाळक आणि कवींची दुसरी नावं

चौकस:
वेल्समधल्या जुन्या मंडळींच्या छोट्या चरित्रनोंदी मराठीत आणतोय. यंत्राकडून कच्चा अनुवाद करून घेतला, तर जो तो ‘वेल्श मंत्री व कवी’ झालाय. प्रत्यक्षात हे लोक चॅपलमध्ये रविवारी प्रवचन देणारे. एवढं मोठं मंत्रिमंडळ कोणत्याच देशाला परवडणार नाही! तर दोन शंका आहेत. इंग्रजीतल्या या ‘मिनिस्टर’ला मराठीत काय म्हणायचं? आणि यांतल्या बहुतेकांना जन्मनावाखेरीज एक ‘एनू बार्दोल’ असतं, म्हणजे कवी म्हणून घेतलेलं नाव. त्याला टोपणनाव म्हणू की गझलकारांसारखं तखल्लुस?

ताकभात:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे: पाळक. मराठी प्रोटेस्टंट घरांत हाच शब्द आहे, नगरकडे ‘पाळकसाहेब’ सर्रास ऐकाल. ‘फादर’ कॅथलिकांकडे, वसईत वगैरे. ‘याजक’ बायबलच्या मराठी अनुवादातला, तो मंदिरात यज्ञबली अर्पण करणाऱ्यासाठी. ‘पाद्री’ आपण बाहेरून म्हणतो आणि त्यात थोडी कुचेष्टा शिरलेली असते, म्हणून चरित्रकोशात टाळावा. नावाआधी ‘रेव्हरंड’ लावलं की काम भागतं. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) म्हटल्यावर कुणी त्यांचं खातं विचारत नाही.

शिवाय टिळक तुमच्या वेल्श मंडळींच्या जातकुळीतलेच. धर्मोपदेशक, कवी आणि उपासनेत गायची पदं रचणारे, तिन्ही एकाच माणसात.

रानवारा:
यंत्राला फार हसू नका. वेल्श भाषेतही दोघांना शब्द एकच आहे, ‘ग्वैनीदोग’. चॅपलचा पाळक ग्वैनीदोग आणि सरकारातला मंत्रीही ग्वैनीदोग. मुळात ‘ग्वैनी’ म्हणजे सेवा करणं. लॅटिन ‘मिनिस्टर’चा अर्थही सेवकच. आपला ‘मंत्री’ मात्र मंत्रणा करणारा, मसलतीतला माणूस. त्यामुळे त्यांच्याकडे जे सहज एका शब्दात मावतं ते आपल्याकडे मावत नाही.

६ सप्टेंबर १९१७ रोजी बर्कनहेडच्या आयस्तेद्वोदमध्ये (कविता-संगीताच्या स्पर्धांचा त्यांचा राष्ट्रीय मेळावा) हे दोन्ही ग्वैनीदोग एकाच वेळी हजर होते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज पाहुणे, आणि सोहळा चालवणारे आर्चड्रुइड ‘द्वेद’, म्हणजे इव्हान रीस, कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट पंथाचे पाळक.

चौकस:
पाळक घेतला. पण पांतकेलिनच्या विल्यम विल्यम्सचं (१७१७–१७९१) काय? त्याला १७४० मध्ये डीकनची दीक्षा मिळाली, पण मेथडिस्टांच्या नव्या चळवळीत ऊठबस म्हणून बिशपने पुढची, प्रीस्टची दीक्षा नाकारली.

ताकभात:
मग तिथे पाळक नको. पाळकाला कळप हवा, एक ठरलेली मंडळी हवी. हा गृहस्थ घोड्यावरून वेल्सभर हिंडत प्रवचनं देत होता, शेकडो भक्तिगीतं लिहीत होता. ‘फिरता उपदेशक’ लिहा. तसंच चेरापुंजीला १८४१ मध्ये आलेल्या थॉमस जोन्सचं. खासी भाषा रोमन लिपीत आणणारा हा वेल्श माणूस आपल्या लेखी ‘मिशनरी’. सगळ्यांना एकच शब्द चिकटवायचा हट्ट कशाला?

रानवारा:
आता दुसरी शंका. टोपणनाव अजिबात नको, कारण वेल्शमध्ये त्यासाठी वेगळा शब्द आहे: ‘फिगेनू’. ‘फिग’ म्हणजे खोटं, ‘एनू’ म्हणजे नाव. आयस्तेद्वोदच्या स्पर्धेत कविता फिगेनू घालून पाठवायची, म्हणजे परीक्षकांना कवी कळत नाही. ते नाव त्या स्पर्धेपुरतं. एनू बार्दोल उलट मिरवायचं, आयुष्यभर.

बर्कनहेडला नेमकं काय झालं पाहा. विजेत्या कवीला मानाची खुर्ची मिळते त्या स्पर्धेत ‘फ्लर द ली’ अशा फिगेनूची कविता पहिली आली. विजेत्याने उभं राहायचं असतं. आर्चड्रुइडने नाव तीनदा पुकारलं, कुणी उठलं नाही. कवी ३१ जुलैलाच पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या फ्लांडर्समध्ये, पिल्केमच्या टेकाडावर मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड पांघरलं गेलं. कवीचं जन्मनाव एलिस हम्फ्री इव्हान्स, त्राव्स्व्हिनिदजवळच्या शेतावरचा मेंढपाळ. एनू बार्दोल ‘हेद विन’, म्हणजे शुभ्र शांती, हे १९१० मध्ये एका दुसऱ्या कवीने दिलेलं. फिगेनू त्या दुपारी संपलं. आज वेल्समध्ये त्याला हेद विन म्हणूनच ओळखतात. दोन्हींना ‘टोपणनाव’ लिहिलंत तर हा सगळा प्रसंग मराठीत कळणारच नाही.

जुनी वही:
हा फरक आपल्याकडे एकाच माणसात सापडतो. राम गणेश गडकरी कवितेला ‘गोविंदाग्रज’, विनोदी लेखांना ‘बाळकराम’. बाळकराम हा घातलेला मुखवटा, तो टोपणनाव. गोविंदाग्रज काव्यनाम. तेव्हा एनू बार्दोलला काव्यनाम. तखल्लुस नको, तो गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, गुंफला जातो. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्राही कवितेच्या आतच असते. वेल्श नाव कवितेत येत नाही, कवितेखाली येतं.

एक गंमत. आपली काव्यनामं नातेवाइकांवरून: केशवसुत, कुसुमाग्रज, गोविंदाग्रज. त्यांची गावं, नद्या, डोंगर, परगण्यांवरून: केरियॉग, हिराएथॉग, मॉर्गनुग, द्वेद. कारण उघड आहे. वडिलांचं नाव त्यांच्या आडनावातच बसलंय. ‘अप हाउएल’चं पॉवेल, ‘अप रीस’चं प्राइस, म्हणजे हाउएलचा मुलगा, रीसचा मुलगा. आडनावं मोजकी, त्यामुळे जोन्स-विल्यम्स-इव्हान्सची गर्दी. जॉन रॉबर्ट्स नावाच्या दहा पाळकांतला आपला कोणता, हे सांगायला काहीतरी हवंच.

चौकस:
रॉबर्ट्स निघालाच आहे तर, माझ्या यादीत आहे तो (१८२२–१८७७). पाळक, संपादक, सामूहिक उपासनागायनाला वळण लावणारा, १८५९ च्या चालींच्या संग्रहाचा कर्ता. काव्यनाम ‘येयान ग्विल्ट’. येयान म्हणजे जॉनच, ग्विल्ट म्हणजे रानटी! शिस्तीत गायला शिकवणाऱ्याने हे नाव का घेतलं असेल कोण जाणे.

पण याच्यामुळे ‘काव्यनाम’ अडतं. हा संगीतवाला. जोसेफ पॅरी (१८४१–१९०३) ‘पेनकेर्द अमेरिका’, तोही संगीतकार. व्हिक्टोरिया राणीचा हार्पवादक जॉन थॉमस ‘पेनकेर्द ग्वालिया’. यांना काव्यनाम कसं म्हणू?

रानवारा:
‘पेनकेर्द’ला बिरुद म्हणा. पेन म्हणजे डोकं, प्रमुख. केर्द म्हणजे गाणं, कविता, पूर्वी कसबसुद्धा. मध्ययुगीन वेल्श कायद्यांत पेनकेर्द हा दरबारातल्या गवई-कवींचा वरचा दर्जा होता. आपल्या ‘गानसम्राज्ञी’सारखं नव्हे, जरा अधिकृत. येयान ग्विल्टला मात्र काव्यनाम चालेल. कवी आणि गायक वेगळे मोजायची सवय आपली, त्यांची जुनी रीत दोघांना एका पंगतीत बसवते.

(अवांतर: पेनकेर्द शब्द जुना, पण आयस्तेद्वोदमधला आजचा थाट फार प्राचीन समजू नका. ड्रुइडांच्या (प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या) नावाने तिथे चालणारा विधी योलो मॉर्गनुग या गवंड्याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर स्वतःच्या कल्पनेतून उभा केला. विद्वान मोठा, आणि जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपवण्यातही तितकाच तरबेज.)

चौकस:
मग राहिला पांतकेलिन. ते काव्यनाम म्हणावं, तर ते शेतघराचं नाव आहे.

जुनी वही:
ते लोकांनी ठेवलेलं नाव. पहिल्या उल्लेखात ‘पांतकेलिनचे विल्यम विल्यम्स’ लिहा, पुढे नुसतं ‘पांतकेलिन’. आणि सूचीत सगळ्यांना दोन्ही नावांखाली टाका, नाहीतर वाचक ‘इव्हान्स’मध्ये हेद विन शोधत बसेल.