सांडपाण्याचे पैसे घराच्या मूल्यावर घ्यायचे की नळाच्या मीटरवर?

गंगापूररोडवासी:
काल येथे एका सदस्याने लिहिले की नाशिककरांना पाणी जवळजवळ फुकट हवे असते आणि गोदावरी मात्र निर्मळ हवी असते. म्हणून पाणीपट्टी वाढवावी आणि मुंबईप्रमाणे मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या बिलालाच जोडून टाकावा. यातील पाणीपट्टी वाढवण्याच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. दुसरा मुद्दा मात्र इतक्या सहजपणे मांडला गेला आहे की त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

आपल्या घरपट्टीत मलनिस्सारणाचा कर आधीपासून आहे आणि तो मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे तिच्या अंदाजे वार्षिक भाड्यावरून काढलेल्या मूल्यावर, ठरतो. तो कायम ठेवून पाण्याच्या बिलावर आणखी आकार लावणे म्हणजे एकाच गटारासाठी दोनदा वसुली करणे होय. मुंबईत हा आकार पाण्याच्या आकाराच्या 70 टक्के आहे. समजा, आपल्याकडे हजार लिटरचा दर 10 रुपये धरला आणि चार माणसांच्या घराने माणशी दररोज 135 लिटर या मानकाप्रमाणे महिन्याला सुमारे 16 हजार लिटर पाणी वापरले, तर पाण्याचे 160 रुपये होतील आणि त्यावर सांडपाण्याचे 112 रुपये चढतील. ज्याच्याकडे बोअर आहे, तो पालिकेचे पाणी निम्मेच घेतो, पण सगळे सांडपाणी पालिकेच्याच गटारात सोडतो. त्याला हा आकार निम्मा पडेल आणि पूर्णपणे नळावर अवलंबून असलेल्याला तो पूर्ण भरावा लागेल. याला न्याय म्हणायचे काय?

शिवाय दर कोण ठरवतो, हाही प्रश्न आहेच. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. 2018 मध्ये करयोग्य मूल्याचे दर वाढवले गेले तेव्हा शहर किती पेटले होते, हे सर्वांना आठवत असेल. ज्या आकाराचा बोजा प्रत्येक घरावर पडणार आहे, तो महासभेत उघड चर्चा होऊनच ठरला पाहिजे.

नाशिकरोडकर:
ते लेखन माझेच होते आणि त्यातील एकही वाक्य मी मागे घेत नाही. आपण ज्या करयोग्य मूल्याची पाठराखण करत आहात, त्याचा आणि गटारात जाणाऱ्या पाण्याचा संबंध काय, हे आधी सांगावे. जुन्या, ऐसपैस वाड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धेने जास्त भरायचे आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या आठ जणांनी कमी, हा कुठला हिशेब? नळातून आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, असे अभियांत्रिकीत गृहीत धरतात. म्हणजे पाण्याचे माप हेच सांडपाण्याचे सर्वांत जवळचे माप आहे.

आणि हा विषय केवळ पैशांचा नाही. वालदेवी नदी दारणा नदीला चेहेडीजवळच मिळते आणि आमच्या भागाचे पाणी चेहेडीच्याच बंधाऱ्यातून उचलतात. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रियेविना वालदेवीत आले, तर ते आमच्या हंड्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागणार? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्यातील बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) लिटरमागे 10 मिलिग्रॅमपर्यंत आणण्याचा कडक निकष घालून दिला. तपोवन आणि आगर टाकळी येथील जुनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे त्या निकषाला उतरवायची, तर यंत्रणा बदलावी लागते आणि ती रात्रंदिवस विजेवर चालवावी लागते. धरणातील कच्च्या पाण्याचेही पैसे जलसंपदा विभागाला मोजावे लागतात. हे सारे कोणी भरायचे? गंगापूर रोडच्या बंगल्यात बसून न्यायाची भाषा करणे सोपे असते.

सिडकोतील एक गृहिणी:
बंगल्यावरून भांडण्याआधी दोघांनीही आमच्या गल्लीत एकदा यावे. सिडकोच्या मूळच्या छोट्या घरांवर मजले चढलेले आहेत. खाली मालक, वर दोन-तीन भाडेकरू आणि मीटर मात्र एकच. जास्त वापराला चढता दर लावला की आमच्यासारख्या घराचे बिल आपोआप वरच्या टप्प्यात जाते. प्रत्यक्षात माणशी वापर बंगल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. आमच्या मालकांनी हे वाढीव बिल भाड्यात घातले आणि वर सकाळी सातनंतर मोटार लावायची नाही असा नियमही केला. काटकसर करणाऱ्यालाच दंड होत असेल, तर तो टप्प्यांचा दर आम्हाला नको. टप्पा ठरवायचा असेल, तर जोडणीमागे किती कुटुंबे आहेत, हे आधी नोंदवून घ्यावे.

अपार्टमेंटचा चिटणीस:
ताईंचा मुद्दा खरा आहे, पण तो केवळ सिडकोपुरता नाही. या शहरातील बहुसंख्य सदनिकांना स्वतःचे मीटर नाही. फाटकाजवळ एक मीटर, तेथून संपात (जमिनीखालच्या टाकीत), संपातून गच्चीवरच्या टाकीत आणि मग घराघरांत, अशी व्यवस्था असते. म्हणजे पालिकेने कितीही शास्त्रशुद्ध दर लावला, तरी खरा दर आमच्या कार्यालयाच्या टेबलावर ठरतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळजोडांच्या संख्येवर आणि जाडीवर वाटायचा असे स्पष्ट आहे. मात्र ज्या इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत, त्यांच्यात सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. म्हणजे मोठ्या सदनिकेला जास्त. आमची इमारत या दुसऱ्या प्रकारातील असल्यामुळे आम्ही त्याप्रमाणे वाटतो, आणि वर्षातून एकदा तरी त्यावरून सभा उधळली जाते.

इंदिरानगर, चौथा मजला:
सभा उधळली जाते, कारण चिटणीस मंडळी ऐकून घेत नाहीत. आम्ही नवरा-बायको दोघेच तीन शयनगृहांच्या सदनिकेत राहतो, मुले परदेशी आहेत आणि शेजारच्या छोट्या सदनिकेत सहा विद्यार्थी राहतात. टँकरचे पैसे मात्र आमच्याकडून जास्त घेतले गेले, आणि तेही उन्हाळ्यात आम्ही गावी असताना! मी लेखी तक्रार केली तेव्हा मला ‘नियम आहे’ एवढेच उत्तर मिळाले. माणसे मोजून पैसे घ्या, ही मागणी इतकी अवघड का वाटते?

अपार्टमेंटचा चिटणीस:
ती अवघड आहे, काकू, कारण माणसे मोजायची कोणी? पाहुणे किती दिवस राहिले, घरकामाच्या बाई धुणे कोठे धुतात, दुपारी पाळणाघर चालते का, हे सगळे मी दारोदार विचारत फिरायचे काय? एका वर्षी आम्ही सर्वांच्या संमतीने तसा प्रयोग केला आणि दोन शेजारी कायमचे अबोल झाले. मी विनावेतन काम करतो. माझ्यावर आरोप करण्याआधी आपण एक वर्ष ही जबाबदारी घेऊन पाहावी.

नाशिकरोडकर:
यात वाद कशाला? प्रत्येक सदनिकेला मीटर बसवा, म्हणजे प्रश्न मिटला.

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता:
इतक्या सहज मिटत नाही. जुन्या इमारतींत गच्चीच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांसाठी वेगवेगळ्या उभ्या नळ्या उतरवलेल्या असतात. त्यामुळे एका सदनिकेत पाणी तीन-चार ठिकाणांहून शिरते आणि मीटरही तितकेच लागतात. त्यांतून पाणी केवळ टाकीच्या उंचीच्या दाबाने येते. वरच्या मजल्यावर तो दाब इतका कमी असतो की बारीक धारेला साधा यांत्रिक मीटर फिरतच नाही. उपविधी तयार करणाऱ्यांनी नळजोड मोजायला सांगितले, ते यामुळेच असावे, असे माझे मत आहे. नव्या इमारतींना परवानगी देतानाच सदनिकेमागे एकच प्रवेशनळी आणि मीटर सक्तीचे करावे. जुन्यांसाठी नळजोडांचे माप हाच व्यवहार्य मार्ग आहे.

गंगापूररोडवासींना एक सांगतो. बोअरचा आपला आक्षेप बरोबर आहे, पण त्यामुळे मीटरवरचा आकार चूक ठरत नाही. बोअर असलेल्या मिळकतीला सदनिकेमागे ठरावीक आकार लावला की ती पळवाट बंद होते. आणि प्रक्रिया केंद्राचे कर्ज आणि पगार हा खर्च तुम्ही पाणी वापरा वा न वापरा, होतच राहतो. तो स्थिर आकारात घ्यावा आणि वीज व रसायनांचा खर्च वापरावर घ्यावा.

गंगापूररोडवासी:
अभियंतासाहेब, आपली विभागणी मला मान्य करावी लागते, जरी नाशिकरोडकरांच्या भाषेनंतर काहीही मान्य करण्याची इच्छा उरली नव्हती. करयोग्य मूल्य हे सांडपाण्याचे माप नाही, हेही खरे. परंतु फाटकावरच्या एका मीटरवर दुसरा आकार चढवला, तर वर चिटणीस आणि काकू यांच्यात जे चालले आहे, ते प्रत्येक इमारतीत दुपटीने चालेल. म्हणून माझी अट कायम आहे: घरपट्टीतील मलनिस्सारणाचा कर ज्या ठरावाने रद्द होईल, त्याच ठरावाने नवा आकार लागू व्हावा.

नाशिकरोडकर:
ही अट मी पहिल्याच दिवशी मान्य केली असती. आपण विचारलेच नाही. बंगल्याविषयीचे वाक्य मागे घेतो, मुद्दा नाही. मात्र सिडकोतील ताईंची कुटुंबांच्या नोंदीची सूचना त्या ठरावात आली नाही, तर मी स्वतः त्याला हरकत घेईन.

इंदिरानगर, चौथा मजला:
आमच्या इमारतीत नळजोड मोजून वाटप करावे, असा प्रस्ताव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. आमच्या घरात नळजोड जास्त निघाले, तर तितके पैसे भरेन. पण मोजणी सर्वांसमोर आणि प्रत्येक घरात झाली पाहिजे.