मदत हवी आहे : कम्पाग्नोलोच्या क्रँकला आयएसओ टेपरचा एक्सल

नमस्कार मंडळी. मामांची जुनी रेसर सायकल परभणीत पुन्हा रस्त्यावर आणतोय. क्रँक (पेडलचा दांडा) कम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा, म्हणजे आयएसओ टेपरचा (एक्सलच्या निमुळत्या चौकोनी टोकाचं एक प्रमाण माप). मूळ एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आस) झिजला म्हणून शिमानोचा जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण मापाचा, घातला. दोन्हींचा उतार २ अंशच, पण जेआयएसचं टोक जाड. क्रँक साधारण साडेचार मिलिमीटर अलीकडेच अडतो. चेनलाइन (चेनची पुढून मागे जाणारी सरळ रेषा) बिघडली. बोल्ट आणखी आवळायला हात धजत नाही, ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक फाकलं की क्रँक गेलाच. आमच्या मिस्त्रींचा हात कॉटर पिनवर (जुन्या क्रँकची ठोकून बसवायची खीळ) बसलेला, त्यांनी हातोडा उचलला तेव्हा मीच थांबवलं. फ्रेमच्या ज्या नळीत एक्सल बसतो त्या शेलचे आटे इंग्लिश, रुंदी ६८ मिलिमीटर.

आयएसओ टेपरचा १११ मिलिमीटरचा एक्सल नांदेड, लातूर, संभाजीनगरकडे कुणाकडे पडून आहे का? वापरलेला चालेल, चौकोनाच्या कडा तेवढ्या शाबूत हव्यात.