केए पासिंगची गाडी पुण्यात, इथला रोड टॅक्स भरलेला नाही. नेमकं काय होऊ शकतं?

वारजेकर: 2021 ची पेट्रोल हॅचबॅक, बंगळुरूला लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे. बदलीमुळे गाडी पुण्यात आली, त्याला सव्वा वर्ष झालं. नंबर अजून केएच आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, धरलं तर पावती फाडायची आणि निघायचं. खरंच एवढंच असतं का? गाडी जप्त करतात का? आणि इन्शुरन्सचं काय?

चेसिसप्रिंट: पावतीने दंड मिटतो, टॅक्स नाही. तो उभाच राहतो.

इथे दोन कायद्यांची सरमिसळ होते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 47: गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. टॅक्स हा मात्र राज्याचा विषय. महाराष्ट्राचा 1958 चा कर कायदा राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर लावतो. त्यामुळे ते 12 महिने म्हणजे करमाफी असं समजू नका. तुमचे तर तेही उलटलेत.

थकलेल्या करावर दरमहा 2 टक्के व्याज. समजा 50,000 निघाले, तर महिन्याला 1,000, वर्षाचे 12,000. नव्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 लाखांपर्यंत 12, त्यापुढे 13 असा दर आहे. डिझेलला दोन टक्के जास्त. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीवरून. म्हणून खरेदीचं मूळ इन्व्हॉइस शोधून ठेवा. गाडी राज्यात कधी आली हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट कामी येतं.

नाकाबंदी: जप्तीबद्दल: हो, करतात. ट्रॅफिक पोलिसापेक्षा आरटीओच्या वायुवेग पथकाची भीती जास्त, कारण ते तिथल्या तिथे 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीवर टॅक्सची नोंद बघतात. कर थकलेली गाडी अटकावून ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. ती आरटीओच्या आवारात किंवा एखाद्या एसटी डेपोत उन्हापावसात उभी राहते. तरीही भरलं नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली आणि शेवटी लिलाव. तोवर इथल्या आरटीओकडून ट्रान्सफर नाही, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) नाही. गाडी विकायला काढली की सगळं एकदम अंगावर येतं.

क्लेमवाला: टॅक्स थकला म्हणून पॉलिसी आपोआप रद्द होत नाही आणि तुमची नोंदणी कर्नाटकात वैध आहे, तेव्हा घाबरू नका. खरा घात होतो नोंदणीच संपल्यावर. टेम्पररी नंबरची मुदत उलटलेली गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. नवी गाडी टॅक्स न भरता टेम्पररी नंबरवर फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वारजेकर: मग सुरुवात कुठून करू? इथे टॅक्स भरू की आधी एनओसी?

चेसिसप्रिंट: आधी कर्नाटकाची एनओसी. 'परिवहन' पोर्टलवरून बंगळुरूच्या मूळ आरटीओकडे फॉर्म 28. तिकडची सगळी चलनं भरून टाका, कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लावा. मग पुण्यात फॉर्म 27, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. टॅक्स भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची.

चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेला ठसा) घेताना गंज दिसला तर पॉलिश पेपर अजिबात मारू नका, डिझेलच्या फडक्याने पुसा. घासलेला आकडा दिसला की खाडाखोडीचा संशय येतो आणि फाइल अडकते.

नवा नंबर आला की एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवा, पॉलिसीवर नंबर बदलून घ्या, फास्टॅगही. फास्टॅग बरेच जण विसरतात आणि टोलवर अडकतात.

नाकाबंदी: आणि कर्नाटकाचा परतावा सोडू नका. एमएच आरसी हातात आल्यावर तिची प्रत जोडून मूळ आरटीओकडे अर्ज करायचा, उरलेल्या काळाच्या हिशेबाने पैसे मिळतात. चिकाटी लागते. एनओसीची आणि तिकडच्या टॅक्स पावतीची झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, मूळ कागद इथल्या फाइलला लागतात.

मालवाहू: टेम्पो-ट्रकवाल्यांसाठी एक: वार्षिक टॅक्सची गाडी बंद ठेवणार असाल तर 'नॉन-यूज'ची सूचना आरटीओला आधी द्यावी लागते. 'गाडी सहा महिने उभीच होती' हे नंतर सांगून कर माफ होत नाही. शिवाय नॉन-यूजमध्ये दाखवलेली गाडी रस्त्यावर सापडली तर विचारूच नका.