फार उंच माणसाने इलेक्ट्रिक कार घेताना आधी छत नको, मांडीखालची जागा बघा

घाटवाट:
माझी उंची १९६ सेंमी, म्हणजे सहा फूट पाच इंच. त्यातही पाय लांब. नाशिकहून आठवड्यातून दोनदा मुंबईला जातो आणि अकरा वर्षं वापरलेली डिझेल गाडी आता बदलायची आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही (म्हणजे इलेक्ट्रिक वाहन) धोरणात समृद्धीवरचा टोल माफ आहे, इगतपुरी ते आमणे टप्पाही सुरू झालाय. त्यामुळे हिशोब ईव्हीच्या बाजूने झुकतो. महिनाभर शोरूम पालथ्या घातल्या आणि एक मत पक्कं झालंय, ते इथे मांडतो. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

शोरूममध्ये माझ्याकडे बघून सगळे एकच गोष्ट दाखवतात: "सर, डोक्यावर बघा किती जागा आहे." डोक्यावर जागा असते. त्रास होतो तो खाली. बॅटरीचा थर गाडीच्या तळाशी पसरलेला असतो, साधारण १० ते १५ सेंमी जाडीचा. आपल्या रस्त्यांमुळे गाडी जमिनीला टेकवून चालत नाही, आणि छत वाढवलं तर हवेचा अडथळा वाढून रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर) घटते. मग कापली जाते ती पायाखालचा तळ आणि सीट यांच्यामधली उंची. टाच वर येते, गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून सुटून अधांतरी राहतात. उकिडवं बसून गाडी चालवल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांत काही कळत नाही. शहापूरपर्यंत कंबर बोलायला लागते.

सीट वर घेतली तर मांडीला आधार मिळतो, पण डोकं छताला लागतं. खाली घेतली की पुन्हा गुडघे छातीशी. वर छत, खाली बॅटरी, मध्ये आपण: अडकित्त्यातली सुपारी. म्हणून माझं म्हणणं, सहा फूट तीनच्या वरच्या माणसाने बहुतेक ईव्ही घेऊ नयेत, आणि घ्यायचीच तर टेप घेऊन जावं. टाच टेकते तिथपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. मी पाहिलेल्या गाड्यांत यात ७ सेंमीपर्यंत फरक निघाला. ब्रोशरमध्ये हा आकडा कुठेच नव्हता.

कोथरूडकर:
असहमत. निदान, पुढच्या सीटबाबत तरी.

माझे मिस्टर सहा फूट तीन. बारा वर्षं मॅन्युअल गाडी चालवली आणि डावा गुडघा दुखावून घेतला. कारण क्लच. उंच माणसाने क्लच दाबायला पाय उचलला की गुडघा स्टिअरिंगखाली अडतो, म्हणून तो पाय बाहेर फाकवून दाबतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दिवसातून किती वेळा होतं ते मोजून बघा. ईव्हीत क्लचच नाही. डावा पाय पूर्ण लांब करून ठेवता येतो. रीजनरेशन (गाडी हळू करताना बॅटरी भरणारी सोय) वाढवून ठेवलं तर उजवा पायही ब्रेकवर क्वचितच जातो, अॅक्सिलरेटर सोडला की गाडी हळू होते. आठ महिने झाले, गुडघ्याचा पट्टा कपाटात आहे.

तुम्ही बसण्याचा कोन मोजताय, पण पाय किती वेळा हलवावा लागतो ते मोजत नाही. आणखी एक. पेट्रोल गाडीच्या सांगाड्यावर बेतलेल्या ईव्हीत बॅटरी जिथे जागा सापडेल तिथे बसवतात. तिथे बरेचदा ड्रायव्हरच्या पायाखाली फरक पडत नाही, मागच्यांचे गुडघे वर येतात. सगळ्या ईव्ही एका तागडीत तोलू नका.

घाटवाट:
क्लचचा मुद्दा मान्य. पण ते श्रेय ऑटोमॅटिकचं, ईव्हीचं नाही. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्येही डावा पाय मोकळाच असतो.

चंद्रपूरकर:
छताचं बोलू. घाटवाट ते फार लवकर सोडून देतात. मी सहा फूट चार, धड लांब, पाय बेताचे. माझ्यासाठी छतच पहिलं.

उघडणारा पॅनोरमिक सनरूफ (छतभर काच) असला की त्याची चौकट आणि पडद्याची यंत्रणा आत येते, आणि डोक्यावरचे मोलाचे सेंटिमीटर जातात. आता अडचण बघा. बेस मॉडेलमध्ये सनरूफ नसतो, छत मोकळं. पण त्यात सीट वर-खाली होत नाही. स्टिअरिंग तर बऱ्याच परवडणाऱ्या गाड्यांत फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होतच नाही. टॉप मॉडेलमध्ये सगळी सोय, पण सनरूफ गळ्यात. ज्याला दोन्ही हवं त्याला कंपनी काहीच देत नाही. उंच माणूस यांच्या आराखड्यात धरलेलाच नाही, याचा मला खरोखर राग येतो.

सिग्नलचंही कुणी बोलत नाही. पहिल्या नंबरवर थांबलो की वरचा दिवा दिसत नाही, मान खाली घालून शोधावा लागतो. टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम सिग्नलच्या रांगेत पुढे थांबा.

आइंडहोवन:
चंद्रपूरकर, एक दुरुस्ती. उघडणारा सनरूफ आणि पक्की बसवलेली काच यांत फरक आहे. पक्क्या काचेला उघडण्याची यंत्रणा नसते, त्यामुळे डोक्यावर सहसा जास्त जागा मिळते. टेस्लाच्या मॉडेल वायचं छत तसं आहे. भारतात एमजी विंडसरच्या वरच्या मॉडेललाही पक्की काच आहे. इथे नेदरलँड्समध्ये पुरुषांची सरासरी उंचीच १८३ सेंमीच्या आसपास, त्यामुळे माझे १९० इथे कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. सहकारी गाडी बघताना दोन गोष्टी आधी तपासतात: स्टिअरिंग किती बाहेर येतं आणि सीटची बैठक पुढे लांबवता येते का.

तळाच्या बाबतीत घाटवाट बरोबर आहेत, पण तो विजेचा अटळ दोष नाही. पोर्शने टायकान या इलेक्ट्रिक गाडीत मागच्यांच्या पायाखाली बॅटरीत खळगे सोडले, त्यामुळे एवढी बसकी गाडी असून पाय खाली जातात. म्हणजे करता येतं. परवडणाऱ्या गाडीत करत नाहीत, एवढंच.

चंद्रपूरकर:
आइंडहोवनचा आणि चंद्रपूरचा मे महिना एक नाही. ४५ अंशांत तापलेली काच आणि तिच्याखाली दोन सेंमीवर टाळू. एसीला त्या काचेशी झुंजावं लागतं, ते वेगळंच. मला पत्र्याचं छत हवं.

सह्यवारा:
एवढी चर्चा कशाला? माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये गॅरेजवाल्याने सीटची रेल चार इंच मागे घेऊन दिली. पट्ट्या वेल्ड केल्या, भोकं पाडली, अर्ध्या दिवसाचं काम. कुठलीही आवडती ईव्ही घ्या आणि हेच करा.

पाना_पक्कड:
कृपा करून कुणीही हे करू नका. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली तीन ईव्हीवर.

पेट्रोल गाडीच्या तळाला भोक पाडणंही बरं नाही, गंज धरतो. ईव्हीत त्याच पत्र्याखाली बॅटरी आहे, शेकडो व्होल्टची. ड्रिल किती खोल गेलं हे वरून दिसत नाही. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाची वायर दिसली की आम्ही शिकलेले लोकसुद्धा आधी पुरवठा तोडतो, थांबतो, मग हात लावतो. सीटखालून साइड एअरबॅगची वायर जाते, तीही आहे. शिवाय सीटचे बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवण्यासाठी असतात. पट्टीवर वेल्ड केलेली सीट तो झटका सोसेल याची खात्री कोण देणार? वॉरंटी जाईल ती वेगळीच.

उंच गिऱ्हाईक आलं की मी दोन गोष्टी बघायला सांगतो. हेडरेस्ट पूर्ण वर केल्यावर निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत यायला हवा. मानेखाली राहिला तर मागून धडक बसल्यावर मान मोडू शकते. काही नव्या गाड्यांत तो सीटला जोडलेला, न हलणारा असतो, तिथे पर्यायच नाही. दुसरं, छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंमी. उंच माणूस सीट मागे नेतो आणि हात पोचत नाही म्हणून पुढे वाकून बसतो, मग हे अंतर राहत नाही.

सह्यवारा:
हे माहीत नव्हतं. माझी सूचना मागे घेतो.

कोथरूडकर:
पाना_पक्कड यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर हवा.

घाटवाट, तुमच्या "बहुतेक ईव्ही घेऊ नयेत" वर मात्र मी अजूनही भांडणार. एमजी कॉमेट बघा. लांबी तीन मीटरपेक्षा कमी, पण उंची १.६ मीटरच्या पुढे, बैठक सरळ. मिस्टर पुढे आरामात बसले. तुमच्या मुंबईच्या फेऱ्यांना ती चालणार नाही, पण गाडीच्या आकारावरून काही ठरवता येत नाही हे त्यातून दिसतं. आणि सीट पूर्ण मागे घेतल्यावर तुमच्या मागे कोण बसणार, याचा तुम्ही एका शब्दाने विचार केलेला नाही. आमच्याकडे सासूबाई बसतात. त्यांच्या गुडघ्यांसाठी आम्ही रेंज थोडी कमी पण पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जास्त अशी गाडी निवडली.

घाटवाट:
मागच्या सीटचं खरंच राहिलं. आई असते बरोबर, निम्म्या फेऱ्यांना.

"बहुतेक" हा शब्द मागे घेत नाही. पण टेपवर दोन खुणा वाढवल्या, हेडरेस्ट आणि २५ सेंमी. रविवारी दोन गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह ठरली आहे. दहा मिनिटांची फेरी नको, इगतपुरीपर्यंत जाऊन येऊ द्या, असं सांगितलं. एकाने लगेच हो म्हटलं, दुसऱ्याशी अजून बोलणं चालू आहे. आईला मागे बसवून नेतोय. आकडे सोमवारी इथेच टाकतो.