एंजल आयलंडची सायकल सहल: मुलांना झेपेल का?
सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावरच्या सायकल सहलीबद्दल ‘चढ फार आहेत, दहा-बारा वर्षांच्या मुलांना जमेल का?’ असं एकांनी विचारलंय, म्हणून लिहिते. जमतं. आम्ही सातजण समोरच्या किनाऱ्यावरच्या टिब्युरॉन गावाहून फेरीबोटीत सायकली घालूनच गेलो होतो. खरा दम निघतो तो सुरुवातीलाच, बोट लागते त्या आयाला कोव्हच्या धक्क्यावरून वरच्या गोल रस्त्याला लागेपर्यंत. तिथे मुलांना खुशाल उतरून सायकल ढकलू द्या. पुढचा बेटाभोवतीचा रस्ता साधारण ८ किलोमीटरचा, चढउतारांचा, पण झेपणारा. मध्येमध्ये खडी लागते. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे हे आधीच शिकवून ठेवा.

एक कळकळीची विनंती, वाटेतल्या जुन्या इमिग्रेशन स्टेशनवरून (अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची ती जागा) तसेच पुढे जाऊ नका. १९१० ते १९४० या काळात मुख्यतः चिनी, पण आपल्याकडचेही लोक इथे अडकवून ठेवले होते. लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरलेल्या आहेत, रंगाच्या थरांखालून अक्षरं डोकावतात. माझी लेक भिंतीला हात न लावता, हवेतच बोटाने एकेक अक्षर गिरवत कितीतरी वेळ उभी होती.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ घरूनच बघून निघा. आणि पाणी भरपूर घ्या.